लिफ्टने खाली

ओबरगुर्न गावात लिफ्टने खाली तीनच गोष्टी येतात: दुधाचे कॅन, पाद्रीबाबा आणि मोडलेले पाय. हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला ऐकवेल. वर जायला लिफ्ट वापरा, खुशाल वापरा, त्यासाठीच ती बांधली. पण धडधाकट माणूस डोंगरावरून उतरणार तो स्कीवरून. आल्बान फाल्काइसची आत्या म्हणे पोटात जुळी असताना वरच्या गोठ्यापासून स्कीवरून खाली आली, आणि आल्याबरोबर तिनं चुलीवर सूप ठेवलं. ही गोष्ट आल्बान फार रंगवून सांगतो. आत्या हयात होती तोवर मात्र त्यानं ती कधी सांगितली नाही.

तर शर्यतीच्या सकाळी याच आल्बानची मुलगी बुर्गी डोंगरमाथ्यावर लिफ्टमधून उतरली आणि तिनं पायांत स्की अडकवल्या. खाली जायला एकच वाट होती आणि ती तिला नको होती.

तिचं पूर्ण नाव नोटबुर्गा. देशाच्या संघात होती, आणि होती ती डाउनहिलवाली. डाउनहिल म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत एका दमात, मोटारीला लाजवील अशा वेगानं, दातओठ खात खाली यायचं. घड्याळ सांगेल तोच निकाल. दुसरी संधी नाही, मध्ये थांबणं नाही. या खेळात तिचं बरं चाललं होतं. मागच्या हिवाळ्यात तर दोनदा पहिल्या पाचांत आली होती.

आणि मग शरदात, वर हिमनदीवर सराव चालू असताना, एका सकाळी तिच्या मनात आलं की आपण पडू शकतो. बस्स, एवढंच. कुणी पडलं नव्हतं. ती स्वतः तर लहानपणापासून इतक्या वेळा पडली होती की तिचा खांदा डॉक्टरांच्या ओळखीचा झाला होता. पण तेव्हा पडणं नुसतं पडणं होतं. आता ते आधीच मनात येऊन बसायचं, आणि एकदा आलं ते हललंच नाही. मैत्रीण जायबंदी झाली असती, काही भयंकर डोळ्यांसमोर घडलं असतं, तर बोट तरी दाखवता आलं असतं. इथे दाखवायला काहीच नव्हतं. नुसती भीती. रात्री गादीवर पडलं की पाय आपोआप ताठ व्हायचे.

तिनं सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. नाताळाच्या आधी जेवताना तिनं विषय काढला होता.

"बाबा, मी स्लालमकडे वळू का?"

आल्बानचा चमचा हवेतच राहिला. "स्लालम? खुंट्यांभोवती फुगड्या घालायला? आणि त्याही दोनदा, कारण पहिल्यांदा घातलेल्या पुरत नाहीत!"

"जायंट स्लालम तरी."

"त्यात खुंटे लांब लांब असतात, एवढंच. फुगडी ती फुगडीच." तो हसला आणि तिच्या ताटात बटाटे वाढले. "थकली आहेस. खा."

तिच्या आईनं, क्रेसेन्झनं, भांडी घासताना हळूच म्हटलं, "या शर्यतीपुरतं गप्प बस गं. एवढी एक होऊन जाऊ दे, मग बोल काय ते. दोन वर्षं झाली, हा माणूस झोपेतसुद्धा याच दिवसाबद्दल बोलतोय."

दोन वर्षांची कथा अशी. ओबरगुर्नच्या उतारावर आजोबांच्या काळापासून शर्यती होतात. तेव्हा लिफ्ट नव्हती, घड्याळही नव्हतं. सगळ्यांनी पहाटे स्की खांद्यावर टाकून वरच्या देवळापर्यंत चढायचं, पाद्रीनं टोपी खाली टाकली की सगळ्यांनी एकदम सुटायचं, आणि जो आधी पोचेल त्याला डुकराची अख्खी मांडी. मग चामड्याचे बूट गेले, लाकडी स्की गेल्या, उताराच्या कडेच्या गवताच्या पेंढ्यांच्या जागी जाळ्या आल्या. आल्बाननं स्वतः या उतारावर एकदा दुसरा नंबर काढलेला आहे, आणि पहिला कसा हुकला हे तो तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. सगळं बदललं, एक सोडून. बायकांनी निघायचं ते जंगलाखालून. वरचा अर्धा डोंगर पुरुषांचा.

दोन वर्षांपूर्वी गावच्या सभेत हे कुणाला खटकलं असेल? बुर्गीलाच. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही काय अर्धी माणसं आहोत, म्हणून आम्हाला अर्धा डोंगर?" सभागृहात टाळ्या पडल्या. आल्बानच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तो माणूस कंबर कसून कामाला लागला. महासंघाकडे खेटे घातले, पंचांना आणून डोंगर दाखवला, बड्या मंडळींना जेवू घातलं. आणि शेवटी मिळवलं: या वर्षी बायका माथ्यावरून निघणार.

म्हणजे स्वतःच्याच तोंडानं मागितलेलं. आता तक्रार करायची कुणाकडे?

गाव तर नुसतं वेडं झालं होतं. अग्निशामक दलाची माणसं आठवडाभर स्कीवरून आडवी पावलं टाकत उतारावरचा बर्फ दाबत होती. शाळेला सुट्टी. बुर्गीच्या छातीवर चौदा नंबर होता, तर बेकरीवाल्यानं सगळ्या पावांवर चौदा उठवून ठेवला होता. बँडवाल्यांनी नवीन धून बसवली होती, तीत झांजा जरा जास्तच होत्या. गावात शिरल्यापासून बुर्गीला कुणी ना कुणी मिठी मारत होतं. वैऱ्यांनी घेरलं तर माणूस चार शिव्या देऊन वाट काढेल. पण हे सगळे आपले होते, त्यांचे हात प्रेमाचे होते, आणि तिला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.

मग आदल्या दिवशी तिला एक वाट सुचली.

शर्यतीआधी सकाळी सगळ्याजणी उतार बघून घेतात. स्की आडव्या धरायच्या, खरवडत हळूहळू घसरत यायचं, कुठे बर्फ काचेसारखा झालाय ते बघायचं. उतारावर ठिकठिकाणी दारं असतात. दार म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं लाल कापड, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. शर्यतीत त्यांच्या मधूनच जावं लागतं. पण पाहणीच्या वेळी दाराच्या कडेनं जायचं. स्कीची टोकं खाली करून कुणी दारातून गेलीच तर तिथला पंच हात वर करतो, कळवतो, आणि त्या मुलीला बाद करतात. नवख्या पोरी कधी हौसेनं जातात आणि रडत घरी परततात.

बुर्गीनं ठरवलं, आपण जायचं. लोक काय म्हणतील? वेंधळी म्हणतील. आल्बान एक महिना डोकं धरून बसेल. पण भित्री कुणी म्हणणार नाही.

दारही तिनं हेरून ठेवलं होतं. जंगलातून बाहेर पडल्यावरचं पहिलं. सरावाच्या सगळ्या दिवसांत तिथे लामझेन खोऱ्यातला रेम्बर्ट उभा होता. लामझेनचे लोक ओबरगुर्नवर पिढ्यान् पिढ्या खार खाऊन आहेत. का, ते आता दोन्हीकडच्या कुणाला आठवत नाही, पण खार जशीच्या तशी आहे. फाल्काइसच्या पोरीला बाद करायला मिळालं तर रेम्बर्टला सणच. शर्यतीच्या सकाळी ती उतार बघत खाली यायला लागली तेव्हा वरच्या जाळीपलीकडे तोच टोपी सारखी करत उभा होता, पण बुर्गीचं लक्ष नव्हतं. ती खाली बघत होती.

जंगलातून ती एकटीच बाहेर आली. मागची मुलगी अजून झाडांच्या पलीकडे होती. दाराशी लाल जाकिटातला माणूस पाठमोरा उभा होता. बुर्गीनं स्कीची टोकं खाली वळवली, दारातून सरळ गेली, आणि चांगला खरखर आवाज करत थांबली.

माणूस वळला. रेम्बर्ट नव्हता. कास्सियानकाका होता.

कास्सियान म्हणजे चर्चची घंटा वाजवणारा. बुर्गी चार वर्षांची असताना तिच्या कमरेला दोरी बांधून तिला पहिल्यांदा उतारावर सोडणारा तोच.

"काका, तुम्ही इथे कसे? इथे रेम्बर्ट असतो ना?"

"त्याला वर पिटाळला. घरच्या दारूची एक बाटली दिली तेव्हा कुठे हलला, मेला! म्हटलं आमची पोर या वळणावरून जाताना मला डोळे भरून बघू दे."

"काका, मी आत्ता दारातून गेले."

"दिसलं की."

त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं. कुणी नव्हतं. मग तो आडवी पावलं टाकत दारात आला आणि बुर्गीच्या स्कीच्या दोन्ही रेषा आपल्या स्कीनं नीट पुसून टाकल्या.

"आता नाही गेलीस," तो म्हणाला आणि डोळा मारला.

"असं नका करू. नियम आहे. तुम्ही कळवा."

"अगं, वेडी का खुळी? पाय घसरला असेल. होतं."

"मग मी सांगते पंचमंडळाला."

आता मात्र म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "तू सांगशील. मग ते मला विचारतील, कास्सियान, तू काय करत होतास? माशा मारत होतास? इतकी वर्षं पंचाचा हा पट्टा दंडावर बांधतोय मी. सख्ख्या पुतण्याला बाद केलंय, भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. आयुष्यात पहिल्यांदा डोळेझाक केली, तीही तुझ्यासाठी. आणि तू मला त्या लामझेनवाल्यांसमोर उघडं पाडणार?"

बुर्गीला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. काका, मी चुकून नाही गेले. पण तेवढ्यात जंगलातून मागची मुलगी खरवडत बाहेर आली. कास्सियाननं बुर्गीचा खांदा थोपटला.

"जा, खालचं बघून घे. सोन्यासारखी पोर आहेस. एवढं मनाला लावून घेऊ नये माणसानं."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं. तोंड उघडावं तर म्हातारा आयुष्यातून उठतो, आणि मिटावं तर डोंगर आहेच. असल्या प्रेमाला काय करायचं सांगा! रेम्बर्टसारखा एखादा दुष्ट माणूस वेळेवर मिळणं हेसुद्धा नशिबात लागतं.

माथ्यावर, जिथून निघायचं तिथे, एक लाकडी खोली होती. आत मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. एकेक नंबर आत जायचा, पिक् पिक् असे आवाज व्हायचे, आणि खोलीच्या पुढच्या बाजूनं एकेक मुलगी खाली नाहीशी व्हायची. बुर्गी मागच्या बाकावर बसून होती. तिच्याजवळ संघाचा प्रशिक्षक पिर्मिन, छातीला रेडिओ अडकवून. पिर्मिन तसा गमत्या. त्याला शांतता सहन व्हायची नाही.

"काय गं, आज तोंडाला कुलूप? किल्ली खाली ठेवून आलीस की काय?"

"पाणी दे."

"हात बघ तुझे. गार पडलेत. चोळ, चोळ. आज तुझ्या नावाचे पाव खायचेत मला."

रेडिओ खरखरला. उतारावर जागोजागी संघाची माणसं उभी होती आणि सगळी एकाच लहरीवर बोलायची. जंगलाखाली, त्या दाराच्या थोडं पलीकडे, आल्बान उभा होता. सगळ्यात वाईट वळण तिथलं, म्हणून ती जागा त्यानं कुणाला दिली नव्हती.

"पिर्मिन, ऐक," आल्बानचा आवाज. "बुर्गीला सांग, वळणावर बर्फ अजून स्कीला चांगला धरतोय. उजवीकडून यायचं, घाई करायची नाही."

"सांगतो, सांगतो. ती इथेच आहे, सगळं ऐकतेय."

बारा नंबर गेली. तेरा नंबर आत जाऊन उभी राहिली. बुर्गी उठली. पिर्मिननं तिच्या स्कीखालचा बर्फ ब्रशनं झाडला, आणि तो वाकलेला असताना तिनं त्याच्या छातीवरचा रेडिओ काढून घेतला. आपण हे करतोय हे तिला करून झाल्यावर कळलं.

"बाबा."

"बोल, बाळा."

"बाबा, मला भीती वाटते. मला जायचं नाही."

पिर्मिन वाकलेलाच राहिला. खालपासून वरपर्यंत जितक्या माणसांच्या छातीवर रेडिओ होता तितक्यांनी हे ऐकलं. म्हटलं खरं. मेलं, म्हटलं एकदाचं.

मग आल्बानचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "वळणावर उजवीकडून ये. बर्फ घट्ट आहे."

"बाबा, तुम्ही ऐकलंत का मी काय म्हणाले?"

"ऐकलं, ऐकलं. उजवीकडून. घाई नको."

तेरा नंबर गेली. आता खोलीच्या पुढच्या चौकटीत फक्त आभाळ होतं. तिथल्या पंचानं, एका चष्मेवाल्या शहरी माणसानं, हातानं तिला पुढे यायची खूण केली. तिनं मान हलवली.

"मी जात नाही."

"गुडघा का?" पंचानं काळजीनं विचारलं.

"हो हो, गुडघाच," पिर्मिन लगेच मध्ये पडला. आणि तिच्या कानाशी लागला, "गुडघा म्हण. मी डॉक्टरला सांभाळून घेतो. कुणी एक अक्षर बोलणार नाही. बापाचाही मान राहील. म्हण ना, बाई!"

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. गुडघा! केवढा सोयीचा शब्द. पण गुडघा आठवड्यात बरा होतो. मग पुढच्या रविवारी दुसरा डोंगर, दुसरी खोली, हाच वास. मग दुसरा गुडघा. दोन गुडघे संपल्यावर काय म्हणायचं?

"गुडघा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मला भीती वाटते. म्हणून जात नाही."

पंच गोंधळला. "पण तसं लिहायची काही सोय नाही इथे."

"मग नका लिहू."

पिक् पिक् झालं आणि थांबलं. समोरची आडवी काडी, जी पायांनी ढकलून निघायचं असतं, ती जागची हलली नाही. पिर्मिननं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो रेडिओ परत छातीला अडकवत बसला, आणि त्याला काही तो अडकेना.

लिफ्टवरचा माणूस तिला बघून धावत आला. "काय मोडलं?"

"काही नाही. खाली सोड मला."

"काहीच मोडलं नाही?" त्यानं तिच्या पायांकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. मग मुकाट्यानं खुर्ची हळू केली.

ओबरगुर्नच्या लिफ्टमध्ये खाली तोंड करून बसायची बुर्गीची ही पहिलीच वेळ. वर जाताना समोर डोंगर असतो. उतरताना समोर गाव असतं, आणि गावातला प्रत्येक माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. खालची माणसं अजून ठिपक्यांएवढी होती, पण ठिपके वर बघत होते. स्की मांडीवर आडव्या धरून ती बसली होती. लाज वाटत होती, भयंकर वाटत होती, गाल भाजत होते. तिला रडू फुटलं. आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की श्वास पार पोटापर्यंत जातोय. शरदापासून गेला नव्हता. आता काय व्हायचं ते होवो. खाली उतरायचं, आईबापासमोर उभं राहायचं, शिव्या खायच्या, आणि संपलं.

जंगल बरंच मागे पडलं तेव्हा पायथ्याचा लाउडस्पीकर बोलायला लागला.

"लोकहो, चौदा नंबरबद्दल पंचमंडळाची सूचना. सकाळच्या पाहणीत नोटबुर्गा फाल्काइस अनवधानानं एका दारातून गेली होती. दारावरच्या पंचानं ही गोष्ट आत्ता कळवली. नियमाप्रमाणे तिला बाद करण्यात येत आहे."

खालून एक मोठं "अरेरे!" वर आलं. इतक्या उंचीवरूनसुद्धा तिला त्यात सुटका ऐकू आली. अख्ख्या गावाचा जीव भांड्यात पडला होता.

म्हणजे झालं होतं असं. आल्बानच्या छातीवरचा रेडिओ बोलला तेव्हा कास्सियान चार हातांवर उभा होता. पोरीचे शब्द त्यानं ऐकले, बापाचं उत्तरही ऐकलं. मग चौदा नंबर आलीच नाही. डोक्यावरून लिफ्टची खुर्ची गेली, तीत ती. म्हातारा काही खुळा नव्हता. त्याला कळलं की पोरगी आता गावाच्या तोंडी जाणार, आणि तिला झाकायला अंगावरचं एकच पांघरूण आपल्याकडे आहे. त्यानं मुख्य पंचाला बोलावलं आणि सांगून टाकलं: ही सकाळी दारातून गेली, मी लपवलं, माझा पट्टा घ्या. वरून आलेल्या रेम्बर्टच्या देखत त्यांनी तो काढून घेतला.

पायथ्याशी बुर्गी खुर्चीतून उतरते न उतरते तोच तिच्याभोवती माणसांचा गराडा पडला. हात, टोप्या, ओले गाल.

"एवढीशी चूक, आणि केवढी शिक्षा!"

"नियम म्हणजे नियमच बाई यांचे!"

"रडू नको गं. पुढच्या रविवारी दाखवशील त्यांना."

बेकरीवाल्यानं तिच्या हातात पाव कोंबला. क्रेसेन्झ गर्दीतून वाट काढत येत होती. आणि डावीकडून, उताराच्या कडेनं सुसाट, आल्बान आला. स्की काढायच्या आधीच त्यानं तिला छातीशी धरलं.

"हे होय! अगं, आधी सांगायचं ना!" तो मोठ्यानं बोलत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सकाळपासून हे ओझं मनावर घेऊन बसलीस, म्हणून वर तसलं काहीतरी बोललीस. मी म्हटलंच मनात, माझी पोर असं बोलणारच नाही! प्रामाणिक आहे ती, म्हणून लिफ्टनं आली. बाद झालेल्यानं उतारावर पाय ठेवायचा नसतो!"

"खरंय, खरंय," लोक म्हणाले. लिफ्टचाही हिशेब लागला. सगळं कसं छान बसलं.

गर्दीच्या कडेला कास्सियान येऊन थांबला. दंडावर पट्टा नव्हता, जाकिटावर फक्त त्याची फिकट जागा होती. त्यानं तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. काळजी करू नकोस, असं. मी सगळं माझ्यावर घेतलंय.

बुर्गीनं वरच्या खोलीत जे म्हटलं होतं ते जणू कुणी म्हटलंच नव्हतं. तिनं स्वतः सकाळी रचलेलं खोटं तिच्या आधी लिफ्टशिवाय खाली पोचलं होतं आणि आता गावभर हार घालून फिरत होतं. नुसतं गप्प राहायचं, की झालं. काकाची किंमत वाया जाणार नाही. बाप मान वर करून चालेल. आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा त्या खोलीत उभी असेल.

"बाबा," ती म्हणाली. "मला जरा सोडा."

त्यानं हात सैल केले. तो हसतच होता.

"मी चुकून नाही गेले दारातून. मुद्दाम गेले."

"काय?"

"मला बाद करावं म्हणून गेले. मला वाटलं तिथे रेम्बर्ट असेल, तो कळवेल, आणि मला वरून निघावं लागणार नाही. काकांनी पुसलं ते त्यांच्या भोळेपणानं. त्यांना काही माहीत नव्हतं." ती कास्सियानकडे वळली. "काका, माफ करा मला. तुमचा पट्टा फुकट गेला."

झांजवाल्यानं झांजा खाली ठेवल्या. बेकरीवाला उगीच स्वतःच्या पावांच्या टोपलीत बघायला लागला. आल्बानचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, कारण ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

"मुद्दाम?" तो म्हणाला. भीती हा शब्द त्यानं रेडिओवर ऐकला होता आणि दोनदा बाजूला सारला होता. पण हे त्याला सारता येईना. शर्यतीच्या सकाळी, आपल्या गावच्या उतारावर, आपली स्की आपल्या हातानं चुकीच्या जागी वळवायची, हे काय असतं ते त्याच्याइतकं त्या गर्दीत कुणाला ठाऊक नव्हतं. "इतकी वाटते?"

"इतकी वाटते, बाबा."

वर पुढचा नंबर सुटला. लाउडस्पीकर ओरडायला लागला, कुणीतरी सगळ्यात कमी वेळात येतंय म्हणून. गर्दीची डोकी एकदम डोंगराकडे वळली, क्रेसेन्झचंसुद्धा. जाळ्या थरथरल्या, बर्फ उडाला, लोक किंचाळले. आल्बान मुलीकडे बघत उभा होता. कोण आलं ते बघायला त्यानं मान वळवली नाही.